सेकंडहँड रिव्हॉल्वर

जुनी वस्तू विकत घेताना आपल्याकडे काही ठरलेले प्रश्न असतात. स्कूटर असेल तर "कितवा मालक?" फ्लॅट असेल तर "आधी कोण राहायचं?" पेटी असेल तर "कुणाच्या हातातली?" भावाची घासाघीस नंतर. आधी त्या वस्तूचा पूर्वजन्म काढायचा. आमच्या घरात तर जुना पलंग घेतानासुद्धा "ह्यावर कुणी गेलंबिलंय का" हे आडून आडून विचारून घ्यायची पद्धत होती.

आता वस्तू बदलून बघा. समजा जुनं रिव्हॉल्वर विकत घ्यायचंय. साधंसुधं नाही, चांगलं मोठ्या बोअरचं, किलोभर वजनाचं. तोच प्रश्न इथे कसा विचारणार? "ह्याने कुणी गेलंय का?" आणि विकणाऱ्याने उत्तर तरी काय द्यायचं? बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

हा उद्योग मला सुचायचं कारण म्हणजे उधमसिंग. २०२१ साली 'सरदार उधम' हा सिनेमा आला, तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. त्याची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते ती अशी: जालियनवाला बाग, शपथ, एकवीस वर्षांची प्रतीक्षा, लंडन, गोळ्या, फाशी. एका दमात सांगता येते. पण मी प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडखळतो. शपथ कळली, प्रतीक्षा कळली. पण रिव्हॉल्वर कुठून आलं? पंजाबातून गेलेल्या, पोलिसांच्या दप्तरी नाव असलेल्या आणि पडेल ते काम करून पोट भरणाऱ्या माणसाला लंडनमध्ये .४५५ बोअरचं स्मिथ अँड वेसन मिळालं कसं?

त्याने पोलिसांना दिलेलं उत्तर अगदी रुक्ष आहे. एका पबमध्ये एका सैनिकाकडून विकत घेतलं. म्हणजे सेकंडहँड.

ह्या एका उत्तराच्या मागे मागे जात राहिलो तर बरंच काही हाती लागलं. तेच आज सांगायचंय. जरा लांबण लागेल, पण चहा घेऊन बसा.

आधी हे मोठं बोअर काय प्रकरण आहे ते बघू. बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास. .४५५ म्हणजे इंचाचा ४५५ सहस्रांश, साधारण साडेअकरा मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं भोक. आपल्याकडे लायसन्सवाल्या लोकांजवळ कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं जे .३२ रिव्हॉल्वर असतं, त्याचं भोक आठेक मिलिमीटरचं. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण .४५५ ची गोळी वजनाला सतरा ग्रॅम भरते. .३२ ची गोळी त्याच्या निम्म्यानेही भरत नाही.

एवढी जाड गोळी कशाला हवी? युरोपातल्या फौजा तर त्या काळात लहान बोअरकडे वळत होत्या. इंग्रजांनी मात्र जाड गोळीचा हट्ट सोडला नाही. त्याचं कारण शोधत गेलो आणि थेट १८५७ ला येऊन पोचलो.

१८५१ च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनात दोन रिव्हॉल्वरं समोरासमोर आली होती. एक अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टचं, दुसरं इंग्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सचं. कोल्टचं नेव्ही मॉडेल .३६ बोअरचं. नेम छान लागायचा, पण प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढायला लागायचा. अ‍ॅडम्सचं बोअर मोठं, नेम जरा ढोबळ, पण नुसता चाप ओढला की बार. कोल्टने लंडनमध्ये कारखाना टाकला आणि काही वर्षांतच गुंडाळला. इंग्रज अधिकाऱ्यांनी अ‍ॅडम्स पसंत केलं होतं.

ह्या पसंतीमागची एक गोष्ट शस्त्रांच्या पुस्तकांत हमखास भेटते. ती सांगितली फॉसबेरी नावाच्या अधिकाऱ्याने. हा बंगाल आर्मीतला माणूस, सरहद्दीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, आणि पुढे त्याने स्वतःच्या नावाचं रिव्हॉल्वरही काढलं. गोष्ट अशी की सत्तावनच्या धामधुमीत आपल्या नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका अधिकाऱ्यावर तलवार घेतलेला एक धिप्पाड शिपाई चालून आला. अधिकाऱ्याकडे कोल्ट नेव्ही. त्याने एकामागून एक गोळ्या झाडल्या, त्या लागल्याही. पण शिपाई थांबलाच नाही. त्याने अधिकाऱ्याचं डोकं फोडलं आणि मग तो पडला. फॉसबेरीचं तात्पर्य: लहान गोळी माणूस मारते, पण थांबवत नाही.

गोष्ट कितपत खरी, कितपत मेसमध्ये रंगवलेली, ते राहू दे. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली हे महत्त्वाचं. तिचा परिणाम आकड्यांत दिसतो. १८८७ मध्ये ब्रिटिश फौजेने बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं जे रिव्हॉल्वर स्वीकारलं त्याला साडेअकरा मिलिमीटरचं भोक होतं, आणि पुढची चाळीसेक वर्षं ते तसंच राहिलं. १८९८ मध्ये त्यासाठी समोरून पोकळ असलेली एक खास गोळी काढली. तिचं टोपणनावच 'मॅनस्टॉपर'. अंगात शिरली की पसरायची. त्याच सुमाराला कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात रायफलसाठी तशाच पसरणाऱ्या गोळ्या तयार होत होत्या; 'डमडम बुलेट' हा शब्द जगाला दिला तो आपल्या बंगालच्या एका उपनगराने. १८९९ च्या हेग परिषदेत ह्या प्रकारावर बंदी आली तेव्हा इंग्रज प्रतिनिधींचा युक्तिवाद असा होता की युरोपियन सैनिक गोळी लागली की मागे जातो, पण 'रानटी' माणूस गोळी खाऊनही पुढे येत राहतो, त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी.

म्हणजे त्या साडेअकरा मिलिमीटरमध्ये आपण बसलेलो आहोत, मंडळी. ते माप घेताना डोळ्यासमोर जो माणूस होता तो अवधचा, सरहद्दीवरचा, सुदानचा. शिंपी जसं अंगाचं माप घेऊन कापड बेततो तसं आपलं माप घेऊन ते भोक बेतलेलं.

आता प्रश्न खरेदीचा. हे हत्यार कोण विकत घेऊ शकत होतं?

ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याला स्वतःचं रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने घ्यायला लागायचं, गणवेश आणि तलवारीसारखंच. कुठल्याही कंपनीचं चालायचं, अट एवढीच की त्यात सरकारी काडतूस बसलं पाहिजे. त्यामुळे ते सरकारी मालमत्ता नसे. निवृत्त झाल्यावर ते त्याच्यासोबत घरी जायचं, ड्रॉवरमध्ये पडून राहायचं, विकलं जायचं, कधी धाकट्या भावाला मिळायचं. सैन्यात नसलेल्या इंग्रजालाही फारशी अडचण नव्हती. १८७० च्या कायद्यान्वये पोस्टात दहा शिलिंग भरले की बंदुकीचं वर्षाचं लायसन्स मिळे. पोस्टात! आपण जिथे अंतर्देशीय पत्रं आणि मनीऑर्डरचे फॉर्म घ्यायचो तिथे.

आणि आपल्याकडे? १८७८ चा आर्म्स अ‍ॅक्ट. व्हाइसरॉय लिटन, म्हणजे तेच ज्यांनी त्याच वर्षी देशी वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या. लायसन्सशिवाय हत्यार बाळगायचं नाही, आणि लायसन्स द्यायचं की नाही हे साहेबाच्या मर्जीवर. ह्या कायद्याखालच्या नियमांत युरोपियनांना मात्र सूट होती. एकाच गावात, एकाच रस्त्यावर, साहेबाच्या कमरेला वेब्ली चालायचं आणि पाटलाच्या घरातली आज्याची ठासणीची बंदूक गुन्हा ठरायची. काँग्रेस अगदी बाळसं धरत होती तेव्हापासून तिच्या अधिवेशनांत ह्या कायद्याविरुद्ध ठराव व्हायचे. त्या काळच्या नेमस्तांना काही बंदुका उडवायच्या नव्हत्या. पण 'तुमच्यावर विश्वास नाही' हे कायद्याने लिहून दिलेलं त्यांना झोंबत होतं.

तेव्हा ज्याला हत्यार हवंच होतं त्याला चोरवाटेने जाण्यावाचून इलाज नव्हता. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण. १९०९ च्या सुरुवातीला सावरकरांनी पॅरिसमध्ये मिळवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन ह्यांच्याबरोबर मुंबईला आली, ट्रंकेच्या चोरकप्प्यातून. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंगच झाडलं. ती कोरी पिस्तुलं होती, सोबत काडतुसंही त्याच मापाची. जॅक्सन वाचला नाही. पण असा कोरा माल नेहमी कुठून मिळणार? पुष्कळदा नशिबात यायचं ते कुणीतरी वापरून टाकलेलं आणि काडतुसं मिळतील ती. उधमसिंगाच्या वाट्याला तसंच आलं.

उधमसिंगाला ह्या कायद्याचा हिसका आधीच बसला होता. १८९९ मध्ये सुनामला जन्म, लहानपणीच आईवडील गेलेले, अमृतसरच्या खालसा अनाथाश्रमात वाढलेला. पुढे अमेरिकेपर्यंत भटकून, गदरवाल्यांच्या संगतीत राहून तो परत आला आणि ऑगस्ट १९२७ मध्ये अमृतसरमध्ये पकडला गेला. जवळ विनापरवाना रिव्हॉल्वरं, काडतुसं आणि गदरचं बंदी घातलेलं साहित्य. शिक्षा पाच वर्षं. सुटला तो १९३१ मध्ये, आणि काही वर्षांनी इंग्लंडला पोचला.

ज्या देशाच्या कायद्याने त्याला रिव्हॉल्वर बाळगल्याबद्दल तुरुंगात टाकलं, त्या देशात तोपर्यंत रिव्हॉल्वरांचा नुसता सुळसुळाट झालेला होता. कारण पहिलं महायुद्ध. १९१४ मध्ये अचानक हजारो नवे अधिकारी भरती झाले आणि वेब्लीचा कारखाना पुरा पडेना. मग अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसनला .४५५ बोअरची ऑर्डर गेली. पहिलं मॉडेल इतकं नाजूक नजाकतीचं होतं की खंदकातल्या चिखलाने त्याची कुरकुर सुरू व्हायची. मग त्यांनी चिखल साठणारा भाग काढून टाकून दुसरं मॉडेल दिलं. युद्ध संपेपर्यंत ह्या एका कंपनीकडून सत्तर हजारांवर .४५५ रिव्हॉल्वरं अटलांटिक ओलांडून आली. शिवाय कोल्टची वेगळी, आणि वेब्लीची तर कैक पट.

युद्ध संपलं. माणसं घरी आली, काही आली नाहीत, रिव्हॉल्वरं मात्र बरीचशी राहिली. सरकार घाबरलं. रशियात नुकतीच क्रांती झालेली, आयर्लंड पेटलेलं, आणि घराघरांतून हत्यारं. १९२० मध्ये इंग्लंडने कायदा केला: आता पोस्टातल्या दहा शिलिंगांवर भागणार नाही, पोलिसांचं प्रमाणपत्र पाहिजे. लिटनसाहेबांनी आपल्याला जे औषध पाजलं ते बेचाळीस वर्षांनी त्यांच्या देशबांधवांना थोड्या सौम्य मात्रेत घ्यावं लागलं. आणि १९३० च्या दशकात फौजेने .४५५ सोडून .३८ बोअरचं हलकं रिव्हॉल्वर स्वीकारलं, त्यामुळे जुना माल आणखीनच बिनमोल झाला. जुन्या ट्रंकांत पडून राहिलेली, कुठल्याच वहीत नोंद नसलेली ही हत्यारं पबमधल्या टेबलाखालून हातोहात जाऊ लागली नसती तरच नवल.

तसल्याच एका व्यवहारात उधमसिंगाने आपलं विकत घेतलं. ज्या गोळीचं माप त्याच्या आज्या-पणज्यांना बघून घेतलं होतं, ती झाडणारं हत्यार साम्राज्याच्या भंगारातून त्याच्या हातात आलं.

आणि इथे सेकंडहँड खरेदीतली जुनी गोम आडवी आली. काडतुसं.

जुनं रिव्हॉल्वर घेताना जाणकार लोक आधी चक्र हलवून बघतात. घोडा ओढला की प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट थांबतंय की नाही, नळीतले पीळदार आटे झिजलेत का. पण सगळ्यांत जपून बघायचं ते बोअर. कारण नळीवर कोरलेला आकडा आणि आतलं भोक जुळेलच असं नाही. ह्याच .४५५ रिव्हॉल्वरांचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ती ढिगाने अमेरिकेत विकली गेली. तिथे .४५५ ची काडतुसं सहज मिळेनात, म्हणून दुकानदारांनी चक्र मागून घासून घासून त्यात अमेरिकन .४५ ची काडतुसं बसती केली. नाव एक, पोट दुसरं. आजही तिकडे जुनं वेब्ली घेणाऱ्याला पहिली ताकीद हीच मिळते की चक्र घासलेलं आहे का ते बघ, आणि घासलेलं असलं तरी त्यात फॅक्टरीची जोरदार .४५ भरू नकोस, कारण ते चक्र तेवढ्या दाबासाठी बनलेलंच नाही.

उधमसिंगाचा घोटाळा उलट्या बाजूचा होता. त्याच्या काडतुसांची तपासणी झाली तेव्हा ती रिव्हॉल्वरच्या बोअरपेक्षा लहान निघाली. शिवाय बरीच जुनी. गोळी नळीत घट्ट बसली तरच मागचा धूर तिला पूर्ण जोराने ढकलतो आणि आटे तिला पीळ देतात. गोळी बारीक असली की धूर बाजूने निसटतो, जोर कमी होतो, गोळी सरळ जायची खात्री नाही. त्यातून दारू जुनी. पण परवाना नसलेल्या माणसाने बरोबर मापाची ताजी काडतुसं कुठल्या दुकानात जाऊन मागायची? जे मिळालं ते घेतलं.

१३ मार्च १९४०. लंडनचा कॅक्स्टन हॉल. ईस्ट इंडिया असोसिएशन आणि रॉयल सेंट्रल एशियन सोसायटी ह्यांची संयुक्त सभा, विषय अफगाणिस्तान, वक्ते सर पर्सी साइक्स. अध्यक्षस्थानी भारतमंत्री लॉर्ड झेटलंड. श्रोत्यांत १९१३ ते १९१९ पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला सर मायकेल ओड्वायर. (जनरल डायर वेगळा बरं का. अमृतसरच्या बागेत १६५० गोळ्या झाडायला लावल्या त्या डायरने, तो १९२७ मध्येच आजारपणात वारला होता. ओड्वायर हा त्याची पाठ थोपटणारा वरिष्ठ. ती पाठराखण त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.) सभा संपून लोक उठत होते. उधमसिंग पुढे आला आणि चक्रातल्या सहाच्या सहा गोळ्या त्याने झाडल्या.

दोन ओड्वायरला, अगदी जवळून. तो जागीच गेला. दोन झेटलंडला: बरगड्यांवर मार बसला, पण तो वाचला. एक पंजाबचा त्याच्या आधीचा लेफ्टनंट गव्हर्नर सर लुई डेनला: हाताचं हाड मोडलं. एक लॉर्ड लॅमिंग्टनला: हात जायबंदी झाला. एवढ्या जवळून, एवढ्या जाड बोअरने, सहा गोळ्या आणि एक मृत्यू. 'मॅनस्टॉपर'च्या खानदानातल्या हत्याराने तीन म्हाताऱ्यांना धड थांबवलंही नाही. बाकीची कारणं असतील, पण काडतुसांचा वाटा मोठा होता.

लॅमिंग्टन. हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? हो, तोच. मुंबईचा लॅमिंग्टन रोड. हा गृहस्थ १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्यालाही आता जमाना झाला, पण कंप्युटरचा पार्ट हवा असला की आपण अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. मीही कितीतरी वेळा तिथून सेकंडहँड रॅम आणि हार्डडिस्क घासाघीस करून आणल्यात, "चालेल ना नक्की?" असं दहादा विचारून. त्या नावाचा माणूस एका सेकंडहँड रिव्हॉल्वरसमोर उभा होता आणि न बसणाऱ्या काडतुसामुळे जिवानिशी सुटला, हे कळल्यापासून ग्रँट रोड स्टेशनवरून तिकडे वळताना एकदा तरी ते आठवतंच.

आणि इथेच माझी खरी अडचण सुरू होते.

लॅमिंग्टन तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. पंजाबशी त्याचा काही संबंध नव्हता. अमृतसरमध्ये गोळीबार झाला तेव्हा त्याला मुंबई सोडून बारा वर्षं झाली होती. डेन ऐंशीच्या पुढचा. त्याने पंजाब सोडला १९१३ मध्येच. झेटलंडची गोष्ट निराळी, तो त्या क्षणी साम्राज्याचा कारभारीच होता; तरी बागेतल्या गोळीबाराशी त्याचाही थेट संबंध नाही. काडतुसं बरोबर मापाची असती तर? ओड्वायरबरोबर आणखी तीन प्रेतं पडली असती, आणि त्यांतली निदान दोन तरी अशा माणसांची, ज्यांना बागेच्या हिशोबात धरणं कठीण आहे. मग आपण ही गोष्ट आज जशी छाती फुगवून सांगतो तशीच सांगितली असती का? कदाचित सांगितली असती. कदाचित आवाज जरा खाली आला असता. 'जालियनवाल्याच्या गुन्हेगाराला एकट्याला टिपलं' हा जो नेमकेपणा आपण त्या गोष्टीत भरतो, तो सहा गोळ्यांच्या हिशोबात दिसत नाही. त्यातला काही भाग जुन्या काडतुसांनी तयार केलेला आहे.

हे लिहिताना उधमसिंगाला कमी लेखायचा हेतू नाही. उलट मला तो शपथेच्या गोष्टीतल्यापेक्षा इथे जास्त खरा वाटतो. पुतळ्यातल्या उधमसिंगाच्या हातात चकचकीत, अचूक पिस्तूल असतं. खऱ्याच्या हातात होतं दुसऱ्याचं वापरलेलं हत्यार, न जुळणारी काडतुसं आणि खिशात एक सुरी. कोर्टात त्याने साम्राज्याविरुद्ध भाषण केलं. न्यायाधीशांनी ते छापू नये असा आदेश दिला आणि कागद कित्येक दशकं बंद राहिले. म्हणजे गोळ्या अर्ध्यामुर्ध्या लागल्या आणि शब्द तर पोचलेच नाहीत. ३१ जुलै १९४० रोजी पेंटनव्हिल तुरुंगात त्याला फाशी दिली. अवशेष मायदेशी यायला १९७४ साल उजाडलं.

रिव्हॉल्वर मात्र परत आलं नाही. ते स्कॉटलंड यार्डच्या ब्लॅक म्यूझियममध्ये ठेवलेलं आहे. सामान्य माणसाला तिथे सहजी प्रवेश नसतो. त्याच्याबरोबर ती सुरी, डायरी आणि एक गोळीही आहे. आपल्याकडे १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, पण त्याखालच्या नियमांत .४५५ चं काडतूस ज्यात बसेल ते रिव्हॉल्वर 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणजे निषिद्ध ठरवलं गेलं. तेव्हा स्वतंत्र भारतातही उधमसिंगाला ते रिव्हॉल्वर कायद्याने घेता आलं नसतं. ह्यात मला काही विनोद वाटत नाही, बरंच आहे ते. एवढंच दिसतं की ते भोक कोणासाठी आहे हे ठरवणारा बदलला, पण भोकाची भीती राज्यकर्त्याला तेव्हाही होती आणि आत्ताही आहे.

पबमधल्या त्या सैनिकाचा मी अधूनमधून विचार करतो. ते त्याचं स्वतःचं होतं की बापाच्या ट्रंकेतलं? त्याने फ्लँडर्सच्या चिखलात कुणाला लोळवलं होतं, की ते कधी उडालंच नव्हतं? उधमसिंगाने विचारलं असेल का? बहुतेक नसेल. आणि विकणाऱ्यानेही, हे तुला कशाला हवंय, असं विचारलं नसेल. दोघांनी आपापले प्रश्न गिळले, पैसे इकडून तिकडे गेले, आणि व्यवहार झाला. आपण लॅमिंग्टन रोडवर पाचशे रुपयांच्या रॅमसाठी ह्याहून जास्त चौकशी करतो.

असो. बरंच लांबलं. पुढच्या वेळी कुणी उधमसिंगाची गोष्ट सांगायला घेतली तर शपथेच्या आधी एकदा काडतुसांचं विचारून बघा.